लहान मुलांना घेऊन बँकॉक

शेवंती

नोव्हेंबरच्या दुसऱ्या पंधरवड्यात बँकॉकला जाण्याचे आम्ही जवळपास नक्की केले आहे. सोबत साडेपाच वर्षांची मुलगी, नुकतीच दोन वर्षे पूर्ण झालेला मुलगा आणि सासूबाई असतील. सासूबाई शाकाहारी आहेत, अंडेही खात नाहीत, आणि गुडघ्यांमुळे त्यांना जिने चढणे जमत नाही. मुंबईहून रात्रीचे विमान घेऊन पहाटे उतरायचे, पट्टाया किंवा फुकेतच्या नादी लागायचे नाही आणि सगळा मुक्काम एकाच शहरात ठेवून सावकाश फिरायचे, एवढेच ठरले आहे.

आतापर्यंत मिळालेले सल्ले दोन टोकांचे आहेत. मुलांसाठी मॉल आणि मत्स्यालय पुरेसे आहे, मंदिरांच्या वाटेला जाऊ नका, असे काही जण सांगतात. राजवाडा पाहिला नाही तर गेल्यासारखे काय, असे इतरांचे म्हणणे आहे. राहण्यासाठी कोणता भाग निवडावा, बाबागाडी न्यावी की नाही आणि सासूबाईंच्या जेवणाचे कसे करावे, हे माझे मुख्य प्रश्न आहेत. मुलांसह तिथे राहिलेल्यांनी लिहिले तर फार उपयोग होईल.

सुखुमवितकर

शेवंतीताई, मी नोकरीनिमित्त बँकॉकमध्येच राहतो आणि माझी धाकटी मुलगी इथेच चालायला शिकली, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

या शहरात मुलांचे वेळापत्रक ऊनच ठरवते. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा इथला त्यातल्या त्यात सुसह्य काळ असला तरी दुपारी पारा ३० अंशांच्या वर जातोच, आणि हवेत ओल असल्यामुळे मुले पाहता पाहता मलूल होतात. त्यामुळे सकाळी आठ ते अकरा या वेळेत एकच मोठे ठिकाण पाहावे, भर दुपार हॉटेलचा जलतरण तलाव, जेवण आणि झोप यांत घालवावी, आणि चार वाजल्यानंतर बाग किंवा नदी गाठावी. सकाळी राजवाडा, दुपारी बाजार आणि रात्री चायनाटाउन असा बेत मोठ्यांनाही झेपत नाही. मुले तर दुसऱ्याच दिवशी संप पुकारतात.

राहण्यासाठी मी फ्रोम फोंग स्थानकाचा परिसर सुचवेन. तिथे बेंचासिरी ही छोटी, सावलीची बाग आहे, तिच्यात मुलांना खेळायला जागा आहे आणि शेजारीच मोठा मॉल आहे. या भागात अनेक जपानी कुटुंबे राहतात, त्यामुळे मुलांच्या गरजेच्या वस्तू शोधत हिंडावे लागत नाही. सातोर्न आणि नदीकाठही चांगले आहेत. खाओसान रस्ता रात्रभर जागा असतो, म्हणून तो टाळावा. सुखुमवितवर नाना स्थानकालगतच्या काही गल्ल्या आणि सिलोमजवळचे पॅटपाँग हे रात्रीच्या बारसाठी ओळखले जातात. हॉटेल स्वस्त दिसले की ते नेमके कोणत्या गल्लीत आहे हे नकाशावर पाहूनच आरक्षण करावे. शक्यतो लहान स्वयंपाकघर आणि कपडे धुण्याचे यंत्र असलेले सर्व्हिस्ड अपार्टमेंट घ्यावे. इथे अशी घरे भरपूर आहेत, आणि सासूबाईंचा अर्धा प्रश्न तिथेच सुटेल.

बाबागाडीबद्दल माझे मत स्पष्ट आहे. हलकी, एका हाताने मिटणारी असेल तरच आणावी, आणि तीही मॉल व बागेपुरती. इथल्या पदपथांवर उंचसखल फरशा, विजेचे खांब, खाद्यपदार्थांच्या गाड्या आणि अधूनमधून चक्क मोटरसायकली असतात. गाडी ढकलण्यापेक्षा उचलण्याचेच काम जास्त पडते. दोन वर्षांच्या मुलासाठी पाठीवर किंवा पोटाशी बांधायचे कॅरियर जास्त उपयोगी ठरते. सियाम ते चितलोम या भागात मात्र रस्त्याच्या वरून पादचारी पूल काढलेला आहे, आणि तिथे बाबागाडी सुखाने चालते.

पहाटे सुवर्णभूमीला उतराल तेव्हा विमानतळाच्या रेल्वेपेक्षा टॅक्सी बरी. ही रेल्वे फाया थाई स्थानकापर्यंत अर्ध्या तासात पोहोचवते आणि तिचे भाडे ४५ बाहतच्या वर जात नाही, पण सामान, दोन मुले आणि सासूबाई घेऊन पुढे गाडी बदलणे त्रासाचे आहे. तळमजल्यावरच्या यंत्रातून क्रमांकाची चिठ्ठी घ्यावी, मोठी गाडी हवी असल्यास तसे बटण दाबावे आणि मीटर सुरू झाल्याची खात्री करावी. मीटरच्या रकमेवर विमानतळाचे ५० बाहत आणि द्रुतगती मार्गाचा टोल वेगळा द्यावा लागतो. ती फसवणूक नव्हे. टॅक्सीत मुलांसाठी आसन नसते, हे आधीच गृहीत धरावे.

घाटमाथा

थोडा विरोधी सूर लावतो. दोन आणि साडेपाच वर्षांच्या मुलांना बँकॉकचे काय लक्षात राहणार? सिंगापूरला सरळ पदपथ आहेत, नळाचे पाणी पिता येते, लिटल इंडियात शुद्ध शाकाहारी जेवण मिळते आणि प्राणिसंग्रहालय जगातल्या उत्तम संग्रहालयांपैकी आहे. बँकॉकमध्ये गर्दी, वाहतूक आणि हवेचे प्रदूषण यांना तोंड देण्यातच पालकांची सुट्टी संपते. जानेवारी २०२५ मध्ये तिथल्या शेकडो शाळा धुरक्यामुळे बंद ठेवाव्या लागल्या होत्या, हेही विसरू नये. मुले दहा वर्षांची झाल्यावर जावे, असे माझे मत आहे.

सुखुमवितकर

घाटमाथा, धुरक्याचा मुद्दा अगदी रास्त आहे. जानेवारी ते मार्च या काळात शेतातले पीक जाळण्याचा धूर, वाहनांचा धूर आणि साचलेली हवा एकत्र येतात. दमा असलेल्या मुलाला घेऊन त्या महिन्यांत येऊ नये, असे मी स्वतःच्या नातेवाइकांनाही सांगतो. नोव्हेंबरात सहसा इतकी वाईट स्थिती नसते, तरी रोज सकाळी हवेचा निर्देशांक पाहण्याची सवय ठेवावी.

सिंगापूर सोयीचे आहे यात वाद नाही, परंतु तिथे पाच जणांच्या हॉटेलला आणि जेवणाला लागणाऱ्या पैशांत बँकॉकमध्ये चांगले दोनखणी घर आणि रोजची टॅक्सी सहज निघते. शिवाय लहान मुलांशी इथले लोक ज्या आपुलकीने वागतात, ती सोयींच्या यादीत धरली जात नाही. स्कायट्रेनमध्ये, म्हणजे इथल्या उन्नत रेल्वेत, मूल घेऊन चढलात की कोणी ना कोणी उठून जागा देतेच, आणि उपाहारगृहातली मुलगी आपण जेवत असताना मुलाला खेळवत बसते. मुलांना आठवेल की नाही याची चिंता मी करत नाही; आजीला आठवेल आणि ती त्यांना सांगेल.

चकवाचांदणं

मंदिरांच्या वाटेला जाऊ नका या सल्ल्याशी मी सहमत नाही. फक्त कोणते मंदिर, किती वाजता आणि मुलांच्या हाताला काय काम देऊन, हे ठरवून जावे.

राजवाड्याच्या आवारातील वाट फ्रा केव हे मंदिर (थाईत वाट म्हणजे देऊळ) सकाळी साडेआठला उघडते, आणि त्या वेळेच्या आधीच दारात असावे. तिकीट ५०० बाहत आहे, १२० सेंटिमीटरपेक्षा कमी उंचीच्या मुलांना ते लागत नाही. खांदे आणि गुडघे झाकणारे कपडे मोठ्यांना सक्तीचे आहेत. आत शिरल्यावर बहुतेक लोक पाचूच्या बुद्धाकडे धावतात, मात्र मराठी घरातल्या मुलांसाठी खरा खजिना आवाराभोवतीच्या ओवऱ्यांमध्ये आहे. तिथे १७८ चित्रचौकटींत रामकिएन, म्हणजे थाई रामायण, सलग रंगवलेले आहे. ओवरीला छप्पर असल्यामुळे ऊनही लागत नाही. मुलीला एकच काम द्यावे: पांढरा मारुती शोध. हा मारुती कुठे सैन्याला नदी ओलांडता यावी म्हणून स्वतःच पूल होऊन पडलेला दिसतो, तर कुठे राक्षसांच्या गर्दीत घुसलेला. राम हिरवा आहे, लक्ष्मण सोनेरी आहे, आणि थोत्सकान म्हणजे आपला दशकंठ रावण. त्याचा उंच पुतळा दाराशी गदा रोवून पहारा देत उभा आहे. रावण देवळाचा राखणदार कसा, हा प्रश्न मुलगी विचारणारच, तेव्हा उत्तराची तयारी ठेवावी. जाण्याआधी तिला सुवर्णमच्छेची गोष्ट सांगून ठेवा. ही रावणाची मत्स्यकन्या सेतूचे दगड पळवत असते, मारुती तिला पकडायला पाण्यात उतरतो आणि शेवटी तिच्याच प्रेमात पडतो. आपल्या ब्रह्मचारी मारुतीचा हा अवतार ऐकून सासूबाई काय म्हणतील, ते मला सांगता येणार नाही.

वाट फो इथला पहुडलेला बुद्ध ४६ मीटर लांब आणि १५ मीटर उंच आहे. मुले मूर्ती पाहून क्षणभर थक्क होतात आणि मग मागच्या बाजूच्या १०८ कांस्यपात्रांकडे वळतात. तिथे थोडे बाहत देऊन सुट्ट्या नाण्यांची वाटी घ्यायची आणि ओळीने प्रत्येक पात्रात एकेक नाणे टाकत जायचे. प्रत्येक नाण्याचा टण्ण असा आवाज त्या लांबच लांब दालनात घुमतो, आणि पुढे-मागे दहावीस जण हेच करत असल्यामुळे तो थांबतच नाही. साडेपाच वर्षांची मुलगी शेवटच्या पात्रापर्यंत नेटाने जाईल. दोन वर्षांचा मुलगा मात्र चौथ्या पात्रात सगळी नाणी ओतून मोकळा होईल, तेव्हा वाट्या दोन घ्याव्यात. नाणे तोंडात जात नाही ना, यावर लक्ष हवे.

वाट अरुण नदीपलीकडून पाहावे. त्याच्या पायऱ्या फार उभ्या आहेत. सासूबाईंना आणि लहान मुलांना तिथे चढवू नये. समोरच्या थातियन धक्क्याजवळून संध्याकाळी ते जास्त चांगले दिसते.

राजवाड्याच्या बाहेर कोणी सभ्य गृहस्थ येऊन "आज राजवाडा बंद आहे, मी दुसरे देऊळ दाखवतो" असे सांगू लागला तर हसून पुढे चालावे. ती टुकटुक शेवटी रत्नांच्या किंवा शिंप्याच्या दुकानाशीच थांबते.

शेवंती

सर्वांचे आभार. मारुती शोधण्याची कल्पना मुलीला आत्ताच सांगितली, आणि मारुती तिथे मराठी बोलतो का, असे तिने विचारले आहे. सासूबाईंना राजवाड्यापर्यंत जिन्यांशिवाय कसे नेता येईल? नदीतल्या बोटी मुलांसाठी सुरक्षित आहेत का? जेवणाबद्दलही कोणी लिहावे, ही विनंती.

सुखुमवितकर

मेट्रोची निळी मार्गिका घ्यावी आणि सनाम चाय स्थानकावर उतरावे. हे स्थानक २०१९ मध्ये सुरू झाले, तिथे लिफ्ट आहे, आणि आतले खांब व छत एखाद्या दरबारासारखे सजवलेले असल्यामुळे मुलांची पाहणी तिथूनच सुरू होते. वाट फो तिथून चालत काही मिनिटांवर आहे, राजवाडा थोडा पुढे. सासूबाईंसाठी तेवढ्या अंतरापुरती टॅक्सी केली तरी चालेल. ९० सेंटिमीटरपर्यंत उंचीच्या मुलांना स्कायट्रेनला आणि मेट्रोला तिकीट लागत नाही. स्कायट्रेन १९९९ सालची आहे. तिच्या जुन्या स्थानकांवर लिफ्ट एकाच बाजूला किंवा रस्त्याच्या पलीकडे असू शकते, म्हणून कोणत्या दाराशी लिफ्ट आहे ते आधी पाहून ठेवावे. स्थानकावर स्वच्छतागृह मिळेल या भरवशावर अजिबात राहू नये, मॉलमधून निघतानाच मुलांना नेऊन आणावे. मॉलची स्वच्छतागृहे स्वच्छ असतात आणि बहुतेक ठिकाणी पाण्याचा जेटही असतो, हे भारतीय कुटुंबांना सांगण्यासारखे आहे. एक अंगरखा प्रत्येकाजवळ ठेवावा, कारण गाड्यांत आणि मॉलमध्ये वातानुकूलन बोचरे असते.

बोटींबद्दल सरसकट उत्तर देता येत नाही. चाओ फ्राया नदीवरची नारिंगी झेंड्याची एक्स्प्रेस बोट स्वस्त आहे आणि सफान ताक्सिन स्थानकाखालच्या सातोर्न धक्क्यावरून मिळते. ती धक्क्याला जेमतेम टेकते, कर्मचारी शिट्टी वाजवतो आणि लोक भराभर चढतात-उतरतात. दोन मोठी माणसे, दोन मुले आणि एक आजी असा हिशेब असेल तर पर्यटकांची निळ्या झेंड्याची बोट घ्यावी. तिकीट जास्त असले तरी तिच्यात बसायला जागा असते आणि घाई कमी असते. बोटीत भिक्खूंसाठी वेगळी जागा राखलेली असते. स्त्रियांनी त्यांच्या शेजारी बसू नये, असा इथला संकेत आहे. सेनसाप कालव्यातली बोट मात्र मुलांसह नकोच. चालत्या बोटीच्या काठावरून तिकीट गोळा करणारा माणूस पाहायला मौज वाटते. पण धक्क्यावर उडी मारल्यासारखे चढावे लागते आणि कालव्याचे घाण पाणी अंगावर उडू नये म्हणून प्रवाशांनाच दोरी ओढून ताडपत्री वर धरावी लागते.

पळसफूल

शाकाहाराबद्दल मी लिहिते, कारण आमच्याकडेही आई सोबत होती.

अडचण मांसाची नसते, मासळीच्या पाण्याची असते. नाम प्ला म्हणजे माशांपासून केलेला खारट द्रव इथे मिठाच्या जागी वापरतात, आणि भाजीच्या पदार्थातही तो किंवा कालवांचा सॉस सहज पडतो. नुसते "मांस नको" म्हटल्यावर विक्रेता प्रामाणिकपणे मान डोलावतो, कोबी-गाजर परततो आणि सवयीने बाटली उचलतो. म्हणून "किन जे", म्हणजे कडक शाकाहारी जेवतो, असे म्हणावे. हिरव्या पपईची सोमतम ही कोशिंबीर घ्यायची तर तिच्यातही सुकी कोळंबी असते, हे ध्यानात असू द्यावे. पिवळ्या पताकेवर लाल अक्षर असलेली दुकाने या "जे" पद्धतीची असतात. तिथे मांस, मासे, अंडी, दूध तर नसतेच, कांदा-लसूणही नसते. सासूबाईंना हे जेवण चातुर्मासाच्या जेवणासारखे वाटेल. मुलांसाठी "माय फेत", म्हणजे तिखट नको, हे पाठ करावे. आपल्या तिखटाची सवय असलेल्या मोठ्यांनीही पहिल्या दिवशी तेच म्हणावे.

मॉलमधली फूड कोर्ट हा आमचा मोठा आधार होता. असोक स्थानकाला जोडलेल्या टर्मिनल २१ मधली जागा स्वस्त आहे. आधी पैसे भरून कार्ड घ्यायचे, प्रत्येक ठेल्यावर ते दाखवायचे आणि उरलेली रक्कम निघताना परत घ्यायची. प्रत्येकाला वेगळे हवे असले की भांडण होत नाही. मुलांना साधा भात, उकडलेला मका, रताळे, केळी, शहाळे आणि नारळाच्या दुधातला चिकट भात व आंबा, यांतले काहीतरी हमखास आवडते. अंडे खाणाऱ्या मुलांसाठी भातावर घातलेले थाई ऑम्लेट कुठेही पाच मिनिटांत मिळते. गल्लोगल्लीच्या सेव्हन-इलेव्हनमध्ये पाश्चराइज्ड दूध, दही, केळी, डायपर आणि मीठ-साखरेची पाकिटे मिळतात, त्यामुळे घरून डायपरचा गठ्ठा नेण्यात अर्थ नाही.

आपल्या जेवणासाठी पाहुरत भाग आहे. मोठ्या गुरुद्वाराभोवती भारतीय कापडाची, मिठाईची आणि किराण्याची दुकाने आहेत. तिथून मूगडाळ आणली की अपार्टमेंटमध्ये खिचडी होते. सासूबाईंना कंटाळा आला तर त्यांना राचप्रासोंग चौकात न्यावे. सेंट्रल वर्ल्डसमोर गणपतीचे स्थान आहे आणि थाई तरुण मुले-मुली झेंडू व ऊस घेऊन तिथे मनोभावे उभी असतात. जवळच एरावण देवस्थान आहे, त्यात चतुर्मुख ब्रह्मदेव आहे आणि नवस फेडणाऱ्यांसाठी नर्तकी नाचत असतात. ब्रह्मदेवाचे एवढे गजबजलेले देवस्थान आपल्याकडे कुठे सहज पाहायला मिळते?

डॉ. बोरकूट

बालरोगतज्ज्ञ म्हणून थोडे लिहितो; तरीही निघण्यापूर्वी आपल्या नेहमीच्या डॉक्टरांना भेटावेच.

डेंग्यूचा डास दिवसा चावतो, म्हणून मच्छर प्रतिबंधक मलम फक्त संध्याकाळी लावून भागत नाही. बागेत आणि देवळात जाताना पूर्ण बाह्यांचे सुती कपडे घालावेत. ताप आल्यास वजनानुसार पॅरासिटामॉल द्यावे, आयब्युप्रोफेन किंवा अ‍ॅस्पिरिन स्वतःच्या मनाने देऊ नये. परत आल्यानंतर आठ-दहा दिवसांत ताप आला तरी थायलंडहून आल्याचे डॉक्टरांना आवर्जून सांगावे.

दुसरा मुद्दा पालकांच्या मनात येतच नाही. बँकॉकच्या देवळांत आणि गल्ल्यांत कुत्री-मांजरे मुक्त फिरतात, आणि दोन वर्षांचे मूल त्यांच्याकडे धावतेच. चावा किंवा ओरखडा, अगदी किरकोळ असला तरी, साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवावा आणि त्याच दिवशी रेबीजची लस सुरू करावी. भारतात परत जाऊन पाहू, असे म्हणू नये. थाई रेड क्रॉसची राणी सावोभा संस्था शहराच्या मध्यभागी आहे आणि रेबीजच्या उपचारांसाठी ती ओळखली जाते. मुंबईच्या हाफकिनप्रमाणे सर्पविषावरील प्रतिविष हा तिचाही विषय आहे. तिच्या आवारातली सर्पशाळा पर्यटकांना पाहता येते, आणि नागाचे विष काढण्याचे प्रात्यक्षिक काचेमागून पाहताना पाच वर्षांची मुले श्वास रोखून बसतात. एवढ्या लहान मुलांना दाखवावे का, हे ज्याने त्याने आपल्या मुलाच्या स्वभावावरून ठरवावे. माझ्या मते भित्र्या मुलालाही साप असा सुरक्षितपणे पाहू द्यावा.

रुग्णवाहिकेसाठी १६६९ आणि पर्यटक पोलिसांसाठी ११५५ हे क्रमांक फोनमध्ये असावेत. खासगी रुग्णालये उत्तम आहेत, मात्र महाग आहेत, म्हणून प्रवास विमा मुलांचाही काढावा. व्हिक्टरी मॉन्युमेंटजवळ राणी सिरिकिट यांच्या नावाची सरकारी बालरोग संस्था आहे, हेही माहीत असावे.

घाटमाथा

डॉक्टरांचा प्रतिसाद वाचून माझे मत अधिकच पक्के झाले आहे, पण ते असो. एक भर घालतो. २०२२ मध्ये थायलंडने गांजा बंदीतून वगळला आणि दुकाने उगवली. २०२५ मध्ये नियम पुन्हा कडक झाले, तरी पानाचे चिन्ह असलेल्या गोळ्या आणि बिस्किटे कुठे दिसल्यास मुलांच्या हाती जाऊ देऊ नयेत. अनोळखी दुकानातून मुलांसाठी बिस्किटे घेताना वेष्टन नीट पाहावे.

शेवंती

घाटमाथा, सूचना महत्त्वाची आहे, आभार. मुलांना प्राणी फार आवडतात. कुणी हत्तीवर बसवणाऱ्या ठिकाणाची शिफारस केली आहे, तर जुन्या पुस्तकात दुसित प्राणिसंग्रहालयाचे नाव आहे. यांपैकी काय करावे?

रानवाट

दुसित प्राणिसंग्रहालय २०१८ मध्येच बंद झाले. जुनी पुस्तके आणि काही संकेतस्थळे अजून त्याचे नाव पुढे करतात. हत्तीवर बसवणे आणि माकडांचे किंवा ओरँगउटानचे खेळ दाखवणे यांमागे त्या प्राण्यांना लहानपणापासून मारून-मुटकून वाकवलेले असते. मुलांना प्राण्यांची ओढ आहे म्हणूनच तिथे नेऊ नये, असे मला वाटते.

त्याऐवजी लुंफिनी बागेत जावे. फुकट आहे, शहराच्या मधोमध आहे, आणि तिथल्या तळ्यांत माणसाएवढ्या लांबीच्या पाणघोरपडी राहतात. सकाळी त्या तळ्यातून बाहेर येऊन गवतावर ऊन खात पडतात, जीभ आतबाहेर करतात आणि व्यायाम करणाऱ्या आजोबांच्या पायांजवळून निवांत जातात. त्या आपण होऊन अंगावर येत नाहीत, परंतु खाणे दाखवू नये आणि चार-पाच पावलांचे अंतर ठेवावे. दोन वर्षांच्या मुलाचा हात तिथे सोडूच नये. हंसाच्या आकाराच्या पायडलच्या होड्या आहेत आणि खेळण्याची जागाही आहे. संध्याकाळी सहाला ध्वनिक्षेपकावर राष्ट्रगीत लागते. धावणारे, एरोबिक्स करणारे, बाबागाडी ढकलणारे, सगळे जागच्या जागी थांबतात. मुलांना आधी सांगून ठेवले तर तीही ताठ उभी राहतात. सकाळी आठलाही असेच असते.

तिथून पादचारी पुलाने बेंचाकिटी बागेत जाता येते. तिचा जंगलासारखा भाग २०२२ मध्ये खुला झाला. पाणथळ जागेवरून उंचावर पायवाट काढलेली आहे आणि बगळे जवळून दिसतात. सकाळी लवकर गेल्यास बाबागाडीही चालते.

पावसाने किंवा उन्हाने घरात कोंडले तर सियाम पॅरागॉनच्या तळघरातले मत्स्यालय आहे, पण तिकीट भरभक्कम आहे. चातुचाकजवळचे मुलांचे संग्रहालय महापालिकेचे आहे, मोफत आहे आणि सोमवारी बंद असते. वाळूतून डायनासोरची हाडे उकरायची सोय तिथे आहे. पाण्याचे खेळही आहेत, म्हणून कपड्यांचा एक जोड जवळ असावा. शनिवारी-रविवारी तिथूनच जवळ चातुचाकचा अवाढव्य बाजार भरतो. लहान मुलांना घेऊन त्याच्या गल्ल्यांत शिरायचे असेल तर दुकाने उघडता उघडता जावे आणि चुकामूक झाल्यास भेटायची जागा म्हणून मधला घड्याळाचा मनोरा ठरवून ठेवावा. मी तर म्हणेन, एका मोठ्या माणसाने मुलांना संग्रहालयात ठेवावे आणि बाकीच्यांनी बाजार उरकावा.

सुखुमवितकर

कागदपत्रांचे राहिले. १० नोव्हेंबर २०२३ पासून भारतीय पर्यटकांना व्हिसाशिवाय प्रवेश मिळू लागला. तरी मुदतीचे नियम बदलत असतात, म्हणून तिकीट काढण्याआधी दूतावासाचे संकेतस्थळ पाहावे. १ मे २०२५ पासून प्रवेशाचा डिजिटल अर्ज आधी भरावा लागतो. तो पोहोचण्याच्या आधीच्या तीन दिवसांत भरायचा असतो, तो प्रत्येकाचा, म्हणजे दोन वर्षांच्या मुलाचाही, आणि तो मोफत आहे. पैसे मागणारे संकेतस्थळ सरकारी नाही असे समजावे. मुलांच्या पासपोर्टची मुदत पाच वर्षांचीच असते. मुलीचा जन्मानंतर लगेच काढलेला असेल तर तो संपला असण्याची शक्यता आहे.

शेवंती

मुलीचा पासपोर्ट खरोखरच संपत आला आहे, उद्याच नूतनीकरणाचा अर्ज करते. शेवटचा प्रश्न: आमच्या मुक्कामात लॉय क्राथोंग येत आहे असे दिसते. मुलांना नदीवर न्यावे का?

सुखुमवितकर

अवश्य पाहावे, पण नदीवर नव्हे. हा सण बहुतेक वेळा आपल्या त्रिपुरी पौर्णिमेच्या सुमारास येतो, आणि केळीच्या खांबाच्या चकतीवर पाने दुमडून, फुले, उदबत्ती व मेणबत्ती लावून केलेले द्रोण, म्हणजे क्राथोंग, पाण्यात सोडतात. त्या रात्री नदीच्या धक्क्यांवर इतकी गर्दी होते की मूल कडेवर घेऊन उभे राहणेही कठीण होते, शिवाय तरंगत्या धक्क्यांना नेहमीच कठडा असतोच असे नाही. त्याऐवजी लुंफिनी किंवा बेंचासिरी बागेच्या तळ्यावर अंधार पडता पडता जावे; त्या दिवशी अनेक बागा रात्री उशिरापर्यंत उघड्या ठेवतात. क्राथोंग दारातच विकत मिळतात. केळीचा किंवा पावाचा घ्यावा, थर्माकोलचा घेऊ नये. सासूबाईंना बसायला बाक मिळेल अशा ठिकाणी आधी जागा धरावी, काडेपेटी मोठ्यांच्या खिशात ठेवावी आणि साडेआठच्या आत परत फिरावे, कारण त्यानंतर टॅक्सी मिळणे मुश्कील होते आणि स्कायट्रेनला जिन्यापर्यंत रांग लागते.

पळसफूल

आणि त्या दिवशी मुलांना दुपारी नक्की झोपवा.